जुनी जॅझ एलपी घेताना, धुताना आणि लावताना

सेकंडहँड एलपीतून येणारी खरखर दोन प्रकारची असते. एक मळाची, दुसरी झिजेची. मळाची धुऊन जाते, झिजेची कशानेच जात नाही. भाव करायच्या आधी हा फरक ओळखता आला की पैसे वाचतात आणि चांगली रेकॉर्ड केवळ कळकट दिसते म्हणून हातची जात नाही. जॅझमध्ये याला फार महत्त्व आहे, कारण इथे शांत जागा खूप असतात: एकट्या बेसचा सोलो, स्नेअरवर फिरणारे ब्रश, ट्रम्पेट तोंडाला लावायच्या आधीचा श्वास. रॉकच्या गदारोळात बुडून जाणारी टिकटिक इथे उघडी पडते.

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर उभे असा किंवा न्यू जर्सीतल्या गराज सेलमध्ये, पहिलं काम मोबाइलचा टॉर्च लावायचा. रेकॉर्ड कडेला आणि लेबलला धरा, खोबणीवर बोट नको. प्रकाश तिरपा पाडा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच रेकॉर्डी चकचकीत दिसतात. कव्हरमधून आत-बाहेर होताना पडलेल्या केसासारख्या रेघांना घाबरायचं कारण नाही. जरा ठळक ओरखडा दिसला तर फक्त तेवढ्यापुरतं, अगदी हलकं, बोटाचं टोक त्यावरून न्या. हाताला लागला तर तो कानालाही लागणार. लेबलकडून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा दर फेरीला एकदा ‘टक्’ करतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात एक फेरी १.८ सेकंदांची, त्यामुळे दुकानात लावून ऐकायला मिळालं तर हा ठेका लगेच ओळखू येतो. खोबणीच्याच दिशेने गेलेला ओरखडा त्याहून वाईट. सुई त्यात शिरते आणि एक तर पुढे उडते, नाहीतर तेच दोन सूर घोळवत बसते.

झीज मात्र रेघेसारखी दिसत नाही. जोरात वाजलेल्या भागांत काळ्या चमकेऐवजी राखाडी, मंद पट्टा दिसतो. बोथट सुई आणि ती धरणारा जड आर्म यांनी खोबणीच्या भिंती कुरतडलेल्या असतात. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं नीट बघा. लेबलजवळ वर्तुळ लहान, पण फेरी तेवढ्याच वेळाची. म्हणून तेवढाच आवाज कमी लांबीत कोंबलेला असतो आणि सुईची कसोटी लागते. ट्रम्पेट आणि आल्टो सॅक्स फाटल्यासारखे ऐकू येतात ते बहुतेक इथेच. मधल्या भोकाभोवती लेबलवर पांढुरक्या रेघांचं जाळं असेल तर रेकॉर्ड पुष्कळ वाजलेली आहे, एवढं समजावं.

शेवटची खोबणी आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेली अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. ब्लू नोट, प्रेस्टिज, इम्पल्स या कंपन्यांच्या रेकॉर्डींवर तिथे ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असेल, तर ती तबकडी रूडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतः कटिंग केलेल्या मास्टरवरून, म्हणजे साच्याच्या मूळ तबकडीवरून, निघाली. हे गृहस्थ आधी न्यू जर्सीतल्या हॅकनसॅकला आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात आणि १९५९ पासून एंगलवूड क्लिफ्सच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत. ब्लू नोटवर याशिवाय कानाच्या आकाराची एक छोटी खूण शोधा. खरं तर ते वळणदार ‘पी’ आहे, प्लास्टिलाइट या प्रेसिंगच्या कारखान्याचं. १९६६ नंतर, लिबर्टी या कंपनीने ब्लू नोट घेतल्यावर, ही खूण दिसत नाही. विक्रेते ‘ओरिजिनल’ म्हणून जो भाव सांगतात तो याच खुणेचा असतो. आमचं मत स्पष्ट आहे: कान असलेली पण झिजलेली रेकॉर्ड घेण्यापेक्षा कान नसलेली, व्हॅन गेल्डर शिक्क्याची, चांगल्या अवस्थेतली लिबर्टीची प्रत घ्यावी. ती पुष्कळ स्वस्त मिळते आणि मास्टर बऱ्याचदा तोच असतो.

एक प्रकार मात्र टाळाच. कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रिचॅनल्ड फॉर स्टिरिओ’ असं छापलेलं असेल, तर मूळ मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या, ध्वनिमुद्रणाचे चढे आणि खर्जाचे सूर दोन स्पीकरांत वाटून खोटा स्टिरिओ बनवला आहे. पियानो अर्धा इकडे, अर्धा तिकडे, आणि बहुतेकदा वर घुमारा ओतलेला.

खऱ्या मोनोची गोष्ट वेगळी आणि फार सुंदर. स्टिरिओ एलपी दुकानांत आल्या १९५८ पासून. त्याआधीची दहा वर्षं सगळ्या एलपी मोनो. मोनो खोबणीत संगीत असतं ते फक्त डाव्या-उजव्या हालचालीत. स्टिरिओ कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) मात्र वर-खाली हालचालही वाचतं, आणि मोनो रेकॉर्डवर त्या दिशेला संगीत नसतंच. असते ती धूळ, झीज आणि मोटरची घरघर. अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबलं की दोन्ही चॅनेल एकत्र होतात आणि वर-खालीचा भाग एकमेकांना छेदून शून्य होतो. खरखर झपकन उतरते, सॅक्स मधोमध घट्ट उभा राहतो. बटण नसेल तर टर्नटेबल आणि फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) यांच्यामध्ये दोन वाय-केबली जोडून हेच साधतं: पहिलीने दोन्ही तारा एक करायच्या, दुसरीने परत दोन. उलट दिशेने मात्र जपा. जुनं, खऱ्या अर्थाने मोनो कार्ट्रिज वर-खाली लवत नाही. ते स्टिरिओ रेकॉर्डवर टेकवलं तर खोबणी खरवडून निघते.

आता धुणं. ९०० मिली डिस्टिल्ड वॉटर, १०० मिली ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब. एवढ्यात वीस-पंचवीस रेकॉर्डी होतात. नळाचं पाणी नको. वाळल्यावर त्यातले क्षार खोबणीतच बसतात आणि नवी खरखर सुरू होते. गरम पाणी तर नकोच, व्हिनाइल मऊ पडून वाकतं. आधी कोरड्या ब्रशने वरची धूळ काढा, नाहीतर तिचा चिखल होतो. मग लेबलला न लावता, प्रत्येक बाजूला १५ ते २० मिली द्रावण पसरवा, मिनिटभर मुरू द्या आणि मऊ, दाट केसांच्या ब्रशने खोबणीच्या दिशेने गोल फिरवा, तीन फेऱ्या एकीकडे, तीन उलट. त्रिज्येच्या दिशेने कधीही घासू नये. मायक्रोफायबरने टिपून घ्या, नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने हेच पुन्हा. बहुतेकांची गल्लत इथे होते. दुसरं पाणी टाळलं की सुटलेला मळ तिथेच वाळतो, पहिल्या वाजवण्यात सुईवर करड्या लोकरीसारखा गोळा जमतो आणि माणूस म्हणतो, धुऊन उलट बिघडली. ताटाळ्यात उभी ठेवून अर्धा तास वाळू द्या, पंख्याखाली नको. पूर्ण वाळल्यावर नव्या इनर स्लीव्हमध्ये, म्हणजे आतल्या पाकिटात, घाला. जुन्या कागदी पाकिटात परत गेली तर सगळी मेहनत वाया.

कोकणपट्टीतून किंवा मुंबईतून आलेल्या रेकॉर्डींवर बुरशीचं पांढरं जाळं असणारच असं समजून चाला. ती कोरडी झटकू नका, बी उडून कपाटभर पसरतं. नाकाला मास्क, आधी द्रावण, दोन-तीन मिनिटं भिजवणं आणि दोनदा धुणं. पाकीट फेकून द्या.

अल्कोहोलचं हे द्रावण फक्त व्हिनाइलसाठी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, यांच्या बँडची ७८ हाती लागली तर तिला स्पिरिटचा वासही लागू देऊ नका. डिस्टिल्ड वॉटर, वेटिंग एजंटचा थेंब आणि लगेच पुसणं, एवढंच. वाजवायलाही तिला वेगळी, जाड सुई लागते.

टर्नटेबल आधी स्पिरिट लेव्हलने समतल करा. अँटिस्केट (आर्मला लेबलकडे ओढणारा जोर रोखणारं बटण) शून्यावर ठेवून मागचं वजन फिरवत आर्म हवेत तरंगता करा, तिथे आकडा शून्य लावा, मग कार्ट्रिजला हवं तेवढं वजन द्या आणि अँटिस्केट तितकंच. ऑर्टोफोन टूएम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम. रेकॉर्ड जपायची म्हणून कमी वजन देणं ही फार महागात पडणारी समजूत आहे. हलकी सुई जोरदार सुरावर भिंत सोडते आणि परत आपटते, आणि तो घाव कायमचा. आर्मवरच्या आकड्यापेक्षा छोट्या डिजिटल काट्यावर विसंबावं. लंबगोल सुई साधारण ३०० तास चालते, गोल टोकाची ५००. दुसऱ्याकडून घेतलेल्या टर्नटेबलची सुई किती वाजली हे कळायला मार्ग नसतो, ती पहिल्याच दिवशी बदला. आवाज बारीक, पत्र्यासारखा आणि बेसशिवाय येत असेल तर वायर अँप्लिफायरच्या फोनो खाचेऐवजी ऑक्सच्या खाचेला लागली आहे. सलग गूंऽऽ येत असेल तर ग्राउंडची वायर सुटली आहे.

वेग तपासायला स्ट्रोब डिस्क वापरा. भारतातल्या ५० हर्ट्झ विजेवर ३३⅓साठी १८० रेघांचं वर्तुळ, अमेरिकेतल्या ६० हर्ट्झवर २१६ रेघांचं. दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हे जमत नाही, साधा निऑन इंडिकेटर चालतो. एवढं करूनही माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू तुमच्या पियानोपेक्षा किंचित चढी वाटली, तर मशीनला हात लावू नका. २ मार्च १९५९च्या सत्रात मास्टर टेप रेकॉर्डर थोडा मंद चालत होता, त्यामुळे योग्य वेगात लावल्यावर सूर चढले. १९९२च्या आवृत्तीत ते दुरुस्त झाले. त्याआधीच्या प्रतींवर तो चढा सूरच खरा.

रेकॉर्डी उभ्या ठेवा, सरळ, तिरक्या नाहीत. खण आतून किमान ३३ सेंटीमीटर उंच हवा. पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा. जाड पीव्हीसीची बाहेरची पाकिटं काढून टाका, दमट उन्हाळ्यात ती रेकॉर्डवर धुक्यासारखा डाग सोडतात आणि तो डाग वरच्या कुठल्याही द्रावणाने निघत नाही.