लिनक्सवर चालणारा ऑल-इन-वन प्रिंटर घेताना

अमळनेरला कोर्टाजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दोन्ही काउंटरवर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. म्हणून "भाऊ, लिनक्सला कोणता प्रिंटर घेऊ?" असं विचारत लोक येतात. मॉडेलचं नाव मी सांगत नाही, ती दर वर्षी बदलतात. काय तपासायचं ते सांगतो.

प्रिंट आजकाल बहुतेक मशीनवर निघते. घोडं अडतं ते स्कॅनला, म्हणून चौकशी तिथूनच सुरू करा. खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'मोप्रिया' (ड्रायव्हरशिवाय छपाईच्या खुणा) लिहिलंय का बघा. एअरप्रिंट २०१० साली आलं ते आयफोनसाठी, पण त्याच्या मुळाशी आयपीपी हाच प्रोटोकॉल (प्रिंटरशी बोलायची ठरलेली पद्धत) आहे आणि लिनक्समधलं छपाई सांभाळणारं कप्स तोच बोलतं. ड्रायव्हर लागतच नाही. असं ऑल-इन-वन बहुतेक वेळा स्कॅनही ईएससीएल या अशाच ड्रायव्हरविना पद्धतीने देतं, ते लिनक्सवरचं 'सेन-एअरस्कॅन' हे पॅकेज उचलतं. वायर लावून वापरायचं असेल तर 'आयपीपी-यूएसबी' हे पॅकेज हवं. उबंटू ज्यावर उभं आहे त्या डेबियनमध्ये ही सोय ११ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहे. वायफाय नसलेली स्वस्त मशीनं इथेच बऱ्याचदा बाद होतात.

आपल्याकडे जागोजागी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० घ्या. प्रिंटरच्या नेहमीच्या भाषांपैकी त्याला पीसीएलही कळत नाही आणि पोस्टस्क्रिप्टही, फक्त कंपनीची स्वतःची कॅप्ट भाषा. जुना मिळतोय स्वस्तात म्हणून लिनक्ससाठी उचलू नका. एचपीला एचपीलिप हे स्वतःचं लिनक्स सॉफ्टवेअर आहे, चांगलं आहे, पण काही मॉडेलांना वरून बंदिस्त प्लगइन लागतं आणि एचपीलिपची आवृत्ती बदलली की तेही नव्याने टाकावं लागतं. ब्रदर स्वतःचे लिनक्स ड्रायव्हर देतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवायचं असेल तर ते त्यातल्या एआरएम प्रोसेसरसाठी आहेत का, हे आधी बघा.

जळगावला किंवा धुळ्याला घ्यायला जाल तेव्हा खिशात उबंटूचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा) पेनड्राइव्ह आणि सोबत लॅपटॉप ठेवा. दुकानदार म्हणेल, "सीडी आहे ना बॉक्समध्ये." हो म्हणा आणि डेमोचं मशीन जोडायला लावा. उबंटूमधलं 'डॉक्युमेंट स्कॅनर' उघडा. आधी काचेवरून एक पान घ्या, मग वरच्या फीडरमधून चार-पाच पानं एकदम. काच चालते आणि फीडर दिसतच नाही, असंही होतं. लीगल कागदही न्या. बहुतेक काचा एफोरच्याच असतात, प्रतिज्ञापत्राचा खालचा सहीचा भाग बाहेर राहतो. कोर्टाचं काम असेल तर लीगल घेणारा फीडर हवाच.

लेझर की इंक, हे विजेवर ठरवा. लेझरचा फ्यूजर (टोनरची पूड कागदावर वितळवणारा भाग) तापताना एकदम इतकी वीज ओढतो की संगणकाचा छोटा यूपीएस टूं करून बसतो. इंक टँक त्याच यूपीएसवर निवांत चालतो, लाइट गेली तरी गिऱ्हाइकाचा सातबारा निघतो. पण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुकान आठवडाभर बंद ठेवलं की नोझल सुकतात, मग हेड क्लीनिंगमध्येच शाई जाते. रोज प्रिंट काढणाऱ्याने इंक टँक घ्यावा. महिन्यातून दोनदा पानं काढणाऱ्या मास्तरांना मी लेझरच सांगतो, फक्त त्याचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा.