स्वयंपाक येतो म्हणजे काय येतं? या चुका टाळा

व्हिडिओ बघून पनीर बटर मसाला जमला की लोक म्हणतात मला स्वयंपाक येतो. मला विचाराल तर घरात दोन कांदे, वाटीभर तूरडाळ नि कालचा भात एवढंच असताना चार जणांचं जेवण निघालं, आणि मधेच काही बिघडलं तर का बिघडलं ते कळलं, की स्वयंपाक आला.

पहिली चूक फोडणीतच होते. तेल कोमट असताना मोहरी टाकली की ती तडतडत नाही, मग कच्ची नि कडवट लागते, आणि धूर निघेपर्यंत तापवलं तर जिरं काळं पडतं. आधी मोहरीचे दोनच दाणे टाकून बघा, लगेच तडतडले तर बाकीची टाका. हळद अगदी शेवटी, गॅस बारीक करून, आणि लगेच भाजी घाला कारण हळद पटकन जळते.

डाळ शिजत नाही म्हणून कुकरला दोष देऊ नका. टोमॅटो, चिंच, आमसूल आधीच घातलंत का? आंबटाने डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो, म्हणून आधी डाळ शिजू दे, आंबट नंतर. बोअरचं जड पाणी किंवा जुनी डाळ हीपण कारणं असतात, तेव्हा तासभर भिजवून लावा.

भाकरीचं तर मला फार वाटतं, कारण दोनदा चिरली की मुलं-मुली कायमची सोडून देतात, आणि चूक हाताची नसतेच बऱ्याचदा! ज्वारीत ग्लुटेन नसतं, गार पाण्यात मळलं की थापताना चिरा पडणारच, कडकडीत पाण्याने मात्र पीठ चिकट होऊन धरून राहतं. तरीही चिरतेय? मग पीठ जुनं आहे, त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा चिकटपणा, गेलीय. अशा पिठाची उकड काढा, म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ घालून झाकून वाफ आणा नि मग मळा, आणि पुढच्या वेळी आठ-पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा.

आमटी खारट झाली तर बटाटा टाकून वाट बघत बसू नका, बटाटा खारट पाणी पितो पण उरलेलं पाणी तेवढंच खारट राहतं. बिनमिठाची शिजलेली डाळ नि गरम पाणी घालून वाढवा, एक उकळी आणा, आणि चव बघूनच खाली उतरवा.