भाड्याच्या घराची तपासणी कूलर लावायच्या दिवशी उरका

भाड्यानं दिलेल्या घराचं अर्थिंग तपासायला जावं, तर भाडेकरू कामावर नाही तर गावी. नागपुरात उन्हाळ्याच्या तोंडावर घरोघरी कूलर निघतात, तोच दिवस धरा.

दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख, वेळ आणि सोबत कोण इलेक्ट्रिशियन येणार ते कळवा. "चालेल" असं उत्तर आल्यावरच निघा. कूलरच्या प्लगचं अर्थिंग बघून घ्या, आरसीसीबीचं (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबा. वीज लगेच तुटली पाहिजे. नाही तुटली तर त्याच दिवशी बदला. ओल्या पत्र्याचा शॉक जीव घेतो. जाता जाता गॅसच्या नळीवरची तारीखही वाचा.

दुसरी किल्ली असली तरी परस्पर आत शिरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ प्रमाणे आधी कळवून, वाजवी वेळीच पाहणी करता येते.