पाला पाण्यात उकळावा की वाफेवर ठेवावा?

गवती चहाचं तेल काढताना पाला थेट पाण्यात उकळणं सगळ्यात स्वस्त. पण तळाला टेकलेला पाला करपतो आणि तो जळका वास तेलातून पुन्हा जात नाही. म्हणून टाकीत तळापासून वीतभर वर जाळी बसवा, पाणी जाळीच्या खालीच राहू द्या. जाळ सोडणांचा (नारळावरच्या सुक्या सालांचा) ठेवा. झावळ्या भडकतात नि लगेच विझतात, त्या पेटवण्यापुरत्याच. वेगळ्या बॉयलरची वाफ सर्वांत उत्तम, मात्र रोज दोन-तीन घाणे निघणार असतील तरच परवडते.

कापलेली पाती एक दिवस सावलीत सुकवा. भरताना कडेपर्यंत सारखी दाबा. पोकळी राहिली तर वाफ तिथूनच पळते आणि बाकीच्या पाल्यातलं तेल तसंच राहतं. साधारण 2 ते 3 तास लागतात. 100 किलो ताज्या पातीतून 300 ते 500 ग्रॅम तेल मिळतं. वाफ थंड करणाऱ्या नळीतून येणारं पाणी हाताला गरम लागलं, तर जाळ कमी करा किंवा थंड पाण्याचा प्रवाह वाढवा, नाहीतर तेल वाफेबरोबर उडून जातं.

दालचिनीच्या पानांचं (दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ जात अनेक बागांत आहे) गणित वेगळं. त्यातला मुख्य घटक युजेनॉल पाण्याहून जड, त्यामुळे तेल खाली बसतं. गवती चहाचं वर तरंगतं. तेव्हा दालचिनीसाठी तेल गोळा करायच्या भांड्याची तोटी तळाशी हवी. लोखंड लागलं की हे तेल काळवंडतं, म्हणून भांडं स्टेनलेस स्टीलचंच घ्या.