मूल आजारी असताना पाळणाघराची फी: विमा घेताना आणि दावा करताना

मूल आजारपणामुळे घरी राहिले तर त्या दिवसांच्या पाळणाघराच्या फीची भरपाई देणारा विमा घेत असाल, तर आधी पाळणाघराचा करार वाचा. गैरहजेरीतही फी भरावी लागत असेल, तरच या विम्याचा उपयोग आहे. फी माफ होत असेल तर भरपाई मिळण्याजोगे नुकसानच होत नाही.

पॉलिसीत दोन मुदती वेगळ्या ओळखा. प्रतीक्षा काळ म्हणजे विमा घेतल्यानंतरचे सुरुवातीचे दिवस. त्यात सुरू झालेल्या आजाराचा दावा सहसा नाकारतात. दुसरी, प्रत्येक आजारातले स्वतः सोसायचे दिवस. समजा महिन्यात पाळणाघराचे 22 दिवस, मूल 9 दिवस घरी आणि पहिले 3 दिवस तुमचे. मग भरपाई 6 दिवसांची, म्हणजे मासिक फीच्या 22 पैकी 6 भाग. लहान मुलांची बरीच आजारपणं दोन-तीन दिवसांत आटोपतात, म्हणून स्वतः सोसायच्या दिवसांचा आकडा विम्याच्या हप्त्यापेक्षाही आधी पाहा.

आजाराच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि दाखल्यावर ‘पासून–पर्यंत’ तारखा लिहून घ्या. नुसती औषधांची चिठ्ठी पुरत नाही. सोबत फीची पावती आणि पाळणाघराचा हजेरी उतारा जोडा. दाखला आणि हजेरीच्या तारखा जुळल्या नाहीत की दावा अडकतो. जुना आजार, तसेच साथीमुळे पाळणाघरच बंद राहणे, बऱ्याचदा वगळलेले असते. सही करण्याआधी लेखी विचारा.