हार्ट फेल्युअरचा रुग्ण पुन्हा दाखल होऊ नये म्हणून घरी सोडताना आणि त्यानंतर काय करावे

हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडलेला, रुग्ण घरी गेल्यावर महिन्याभरात पुन्हा दाखल होतो, तेव्हा बरेचदा अंगात पाणी हळूहळू साठत गेलेले असते आणि ते वेळेत कोणाच्या लक्षात आलेले नसते. म्हणून हृदयरोगतज्ज्ञ, परिचारिका, फार्मासिस्ट, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट असे सगळे पथकात असले, तरी रुग्णाच्या हाती एकच नाव आणि एकच फोन क्रमांक द्यावा. ती व्यक्ती शक्यतो या आजाराचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका असावी.

सूज पुरती उतरण्याआधी रुग्णाला सोडू नये आणि सोडतानाचे वजन डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहावे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, सारख्याच कपड्यांत वजन करून ते वहीत टिपायला परिचारिकेने शिकवावे. ‘समजले का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते. त्यापेक्षा ‘तीन दिवसांत वजन दोन किलोंहून जास्त वाढले, तर काय कराल?’ असे विचारावे. घरात गोळ्या देणारे माणूस वेगळे असेल, तर त्यालाही विचारावे.

फार्मासिस्टने घरातली औषधांची पिशवी मागवून ती समोर रिकामी करावी. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तीत असू शकते. ही औषधे शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतले सोडियमही सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

पहिली भेट ७ ते १४ दिवसांच्या आत ठेवावी आणि हार्ट फेल्युअरच्या औषधांच्या मात्रा वाढवण्यात चालढकल करू नये. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत दोन आठवड्यांत पूर्ण मात्रा गाठण्याचे उद्दिष्ट ठेवून वारंवार तपासणी केलेल्या गटात १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण १५.२ टक्के होते, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात २३.३ टक्के. मात्र प्रत्येक वाढीनंतर रक्तदाब, नाडी, रक्तातले पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहावेच लागते.

परिचारिकेने पहिला फोन तीन दिवसांच्या आत करावा, वहीतला त्या दिवसाचा आकडा वाचून घ्यावा आणि आडवे झाल्यावर धाप लागते का हे कळावे म्हणून रात्री किती उशा लागतात हे विचारावे. वजन वाढले असल्यास लघवीच्या गोळीची मात्रा किती वाढवायची, हे डॉक्टरांनी तिला आधीच लिहून दिलेले असावे. नाहीतर शनिवारी वाढलेले वजन सोमवारच्या ओपीडीची वाट पाहत राहते आणि रुग्ण रविवारी रात्रीच धाप लागून येतो.