गावरान अंडी घ्यायची तर आधी कोंबड्या मोजा

आमच्या १२ घरांसाठी अंडी, दूध आणि मटण आणायचं काम गेली ११ वर्षं माझ्याकडे आहे. पुण्यात कुणी विचारलं की चांगलं कुठे मिळतं, तर मी दुकानाचं नाव सांगत नाही. तासा-दीड तासात जाऊन येता येईल अशा अंतरावरचा पाळणारा माणूस शोधा, असं सांगते. जिथे आपण भर पावसात उठून जाऊ शकत नाही, तिथल्या जनावराबद्दल आपल्याला वेष्टनावर छापलंय तेवढंच ठाऊक असतं.

माणूस शोधणं अवघड नाही. आठवडी बाजारात पाटीत ३०-४० अंडी घेऊन बसलेल्या बाईशी बोला, नाहीतर सरळ तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. लस वेळेवर कोण नेतं आणि जनावर मरायला टेकल्यावर कोण धावत येतं, हे तिथल्या माणसांना पाठ असतं. गावात पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेली गावातलीच बाई, असेल तर तिला विचारा.

वेष्टनावर वाचण्यासारखं फार थोडं असतं. कवच तपकिरी की पांढरं हे जातीवर ठरतं; तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्याही पिंजऱ्यात ठेवता येतात. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून विकणारे महाभागही आहेत. बलक गर्द होतो तो मक्यामुळे, हिरव्या पाल्यामुळे किंवा खाद्यात मिसळलेल्या झेंडूच्या अर्कामुळे, म्हणून बलकाचा रंग पुरावा धरू नका. दुधाच्या पिशवीवरचं ‘ए-टू’ दुधातल्या एका प्रथिनाबद्दल आहे. गाय दिवसभर दाव्याला बांधलेली असते की मोकळी, ते त्यावरून कळत नाही. वेष्टनावरचे ‘ए-टू’चे दावे काढून टाकायचा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला आणि आठवडाभरात मागेही घेतला. सेंद्रिय मालावरच्या ‘जैविक भारत’ या चिन्हामागे प्रमाणपत्र असतं, त्याला मी मानते. पण थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला त्यातून सूट आहे, तेव्हा चिन्ह नाही म्हणून चांगला माणूस सोडू नका.

आता अंडी. फसले मी इथेच, म्हणून इथे थांबून सांगते.

सुरुवातीला दीड वर्ष मी एकाच विक्रेत्याकडून अंडी घेत होते. दर आठवड्याला ३६०, प्रत्येक घराला एक ट्रे. त्याच्या आंब्याखाली ५०-६० कोंबड्या चरताना मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या आणि तेवढ्यावर निश्चिंत झाले होते. एकदा सहज हिशोब केला तेव्हा पोटात गोळा आला. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. ती १२-१५ अंडी घालते आणि खुडूक होते. २१ दिवस अंड्यांवर बसते, मग पिल्लांमागे फिरते, आणि तेवढे दिवस अंडं नाही. ७० धरली तरी ६० कोंबड्यांची वर्षाची अंडी होतात ४,२००. मी नेत होते १८,७२०. उरलेली कुठून येत होती ते पुढे कळलं: लेअर फार्मवरून, म्हणजे अंड्यांसाठी पिंजऱ्यात कोंबड्या ठेवतात तिथून, क्रेटमध्ये. आंब्याखालच्या कोंबड्या गिऱ्हाइकांना दाखवण्यापुरत्या होत्या. १२ घरांतल्या लहान मुलांच्या आयांना हे सांगताना मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. आधी कोंबड्या मोजायच्या, जात विचारायची, गुणाकार करायचा, मगच दर विचारायचा. वनराज, ग्रामप्रिया या हैदराबादला विकसित झालेल्या सुधारित जाती गावरानपेक्षा बरीच जास्त अंडी देतात आणि सहसा खुडूक होत नाहीत. त्या असतील तर हिशोब बदलतो. मी त्यांची अंडी आनंदाने घेते. कोंबडीला माती उकरायला, पंख झाडायला, धुळीत लोळायला मिळतंय ना, हे मला जातीपेक्षा मोठं वाटतं. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा येते.

मोजायला दिवेलागणीला जा. दुपारी कोंबड्या रानभर पांगलेल्या असतात आणि कितीही आकडा सांगितला तरी खरा वाटतो. अंधार पडायला लागला की त्या आपापल्या खुराड्याकडे परततात. दारात उभं राहून मोजा. आणि श्रावणात जा. गिऱ्हाईक कमी झालेलं असतं, माणसाला बोलायला सवड असते, आणि पावसाने जमिनीचं खरं रूप उघडं पडलेलं असतं. कोंबड्यांच्या मानाने जागा पुरेशी असेल तर पावसाळ्यात तिथे थोडं तरी गवत तग धरतं. नुसता चिखल आणि विष्ठेचा थर असेल तर ‘मुक्तसंचार’ हा शब्द तिथे खोटा आहे. खुराड्यात डोकं घाला. डोळे चुरचुरले तर तो अमोनिया. खालचं तूस ओलं राहतंय आणि गर्दी जास्त आहे. चोचीही बघा. दाटीत एकमेकींना टोचू नये म्हणून लेअर फार्मवर वरची चोच छाटतात. अंगणातल्या कोंबडीची चोच शाबूत असते.

‘अँटिबायोटिक देता का?’ असं विचारू नका. सगळे ‘नाही’ म्हणतात. ‘मागच्या खेपेला कोंबड्या आजारी पडल्या तेव्हा काय केलंत?’ असं विचारा. ‘मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कधी दिलीत?’ हेही विचारा. खरं पाळणाऱ्याकडे यावर गोष्ट असते: किती मेल्या, कुणाला बोलावलं, लस कुठून आणली. ‘आमच्याकडे कसलंच औषध लागत नाही, सगळं नैसर्गिक’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं. जो लस देत नाही त्याच्या कोंबड्या एक दिवस मानमोडीने झोपतात, आणि घाबरलेला माणूस मग हाताला लागेल ते औषध पाण्यात कालवतो. माणसांच्या शेवटच्या फळीतलं कोलिस्टिन हे औषध खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर आपल्याकडे २०१९ मध्ये बंदी आणावी लागली, यावरून काय चालत होतं ते समजा.

दुधाचं त्यामानाने सोपं आहे. गोठ्यावर जा आणि तीन गोष्टी विचारा. झालेला गोऱ्हा कुठे आहे? भाकड गाय कुठे आहे? आणि दगडी (कासेची सूज) झाली म्हणून औषध दिलेल्या गायीचं दूध किती दिवस बाजूला काढता? तिसऱ्याचं उत्तर ‘डॉक्टर सांगतील तितके दिवस’ असं आलं आणि डॉक्टरांनी मागच्या वेळी किती सांगितले होते तेही आठवत असेल, तर रतीब लावा. चार-पाच जनावरांच्या गोठ्यात दूध वर्षभर सारखं येत नाही. विण्याआधी दोनेक महिने गाय आटते. त्या महिन्यात तुमच्या भांड्यात अर्धा लिटर कमी पडलं तर ते खरेपणाचं लक्षण माना आणि भांडू नका.

मटणासाठी ओळखीच्या धनगराकडून किंवा शेळीवाल्याकडून बोकड ठरवा आणि गावात घालतात तसे वाटे घाला. आमच्याकडे उस्मानाबादी बोकड असतो, १२ घरांचे १२ वाटे. मऊ तेवढंच मांस मागणाऱ्यांना मी गटात घेत नाही; एक जनावर गेलं तर मुंडी-पायांपासून काळजापर्यंत सगळं वापरलं गेलं पाहिजे. चरून वाढलेली शेळी पडीक रानातला झाडपाला खाते, आणि शेतात बसवलेल्या मेंढरांच्या लेंडीखतावर पुढचं पीक येतं. कोंबडीचं मांस हवं असेल तर ब्रॉयलर सहा आठवड्यांत विकायला येतो आणि गावरान कोंबड्याला पाच-सहा महिने लागतात, हे दर ऐकताना लक्षात ठेवा.

घासाघीस करू नका, महिन्याचे पैसे आगाऊ द्या, आणि महाग पडत असेल तर कमी खा. आम्ही आठवड्याच्या ३६० अंड्यांवरून १२० वर आलो आहोत. ती चार पाळणाऱ्यांच्या घरांतून येतात. कोंबड्या खुडूक असल्या की ९०च येतात, मग घरटी १० ऐवजी ७-८ वाटून घेतो. घरी आणल्यावर अंडी धुऊन ठेवू नका, कवचावरचा राखणारा थर निघून जातो. माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि फोडायच्या आधी धुवा.